भैरवनाथाच्या नावाचं कुलूप

मी पॅनल बोलतोय. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतलं नव्हे. ते पाच वर्षांतून एकदा बोलतं आणि निवडून आलं की गप्प बसतं. मी पाण्याचं पॅनल. कळंबच्या अलीकडे एक माळ आहे, त्या माळावर पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, आणि तिथल्या आतल्या खोलीत मी भिंतीला टेकून उभा असतो. लोखंडी कपाट, पोटात तारा, छातीवर काचेचा पडदा.

धरणातून आलेल्या पाण्यात तुरटी किती टाकायची, क्लोरीन किती सोडायचा, कुठला पंप कधी चालवायचा, हे सगळं माझ्या हातून होतं. सकाळी नळाखाली हंडा लावणाऱ्या बाईला माझं नाव माहीत नव्हतं, आणि तेच बरं होतं. ज्याचं काम नीट चाललंय त्याचं नाव कुणी घेत नाही. हल्ली गावोगावी माझं नाव निघतं, त्यावरून काय ते समजा.

माझा जन्म युरोपातल्या एका थंड गावातला. तिथली माणसं काम करताना बोलत नाहीत आणि बोलायचं असलं की आधी वेळ ठरवून घेतात. आमची एक मोठी खेप एकदम तयार झाली. काही भावंडं तिकडच्याच पाण्याच्या केंद्रांवर लागली, एक रेल्वेत गेलं, एक दवाखान्याच्या विजेवर बसलं. माझ्या नशिबी जहाज आलं, मग ट्रक. बार्शी सोडल्यावर रस्त्यानं माझी हाडं अशी खिळखिळी केली की इथं उतरवल्यावर आधी माझे स्क्रू आवळावे लागले.

मला बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, "पासवर्ड काय ठेवायचा?"

रणधीर साहेब शेजारीच उभे होते. ते या योजनेचे इंजिनिअर. माणूस देवभोळा, सोनारीचा भैरवनाथ त्यांचं कुलदैवत. ते म्हणाले, "भैरवनाथ लिहा. पुढं एक-दोन-तीन टाका. राखणदार देव हाय आमचा. त्याचं नाव असल्यावर कुणाची छाती होतीय आत यायची?"

तिन्ही पाळ्यांच्या माणसांना लक्षात राहावा म्हणून पासवर्ड एका पट्टीवर छापून माझ्या कपाळावर चिकटवला. आत यायचं नावही सगळ्यांचं एकच ठेवलं: ऑपरेटर. साहेब आले तरी ऑपरेटर, शिपाई आला तरी ऑपरेटर.

भैरवनाथाबद्दल मला आदर आहे. पण दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली चौकटीला टांगायची, मग देवानं राखण तरी कशाची करायची?

माझ्या बाजूला एक छोटा मोडेम बसवला होता. त्यात सिमकार्ड होतं. माझ्यात बिघाड झाला तर कंपनीच्या माणसानं लांबून बघावं, एवढाच त्याचा उपयोग. पण रणधीर साहेबांना कळलं की त्यावरून मी त्यांच्या मोबाइलवर दिसतो, आणि तेव्हापासून तो मोडेम रात्रंदिवस चालू राहिला. लग्नाच्या पंगतीत बसून ते माझा पंप बंद करून दाखवायचे आणि पुन्हा सुरू करायचे. वऱ्हाडी वा वा करायचे. तेवढ्यात कुठल्या गावचा नळ उचकी देऊन थांबला, ते पंगतीला कुठून कळणार?

दिवसपाळीला तरन्नुम असायची. डिप्लोमा झालेली, कंत्राटावर लागलेली. वडील नाहीत. आई फरिदाबी कळंबला शिवणकाम करते. तरन्नुमला एक खोड होती. माझ्या पडद्यावर सगळं ठीक दिसलं तरी ती बाहेर जाऊन टाकीतलं पाणी डोळ्यांनी बघून यायची. जुने व्हॉल्व्हमन अण्णाराव तिची थट्टा करायचे.

"एवढा लाखाचा डबा बसवलाय, आन् तू उन्हात हिंडतीस. इस्वास न्हाय व्हय गं त्याच्यावर?"

"हाय ना मामा. पण लोकांच्या घरात पाणी जातंय, आकडा न्हाय जात."

मला राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं. आपण चुकलो तर कुणीतरी बघायला आहे, हा मोठा आधार असतो.

मला बनवणारे लोक अधूनमधून त्याच मोडेमवरून सूचना पाठवायचे. त्यातूनच भावंडांची खबर कळायची. तिकडचे लोक काही देवमाणसं नव्हेत. माझ्या एका भावाच्या कपाळावरही अशीच पट्टी होती म्हणे, आणि एक दिवस कुणी परका आत घुसला तेव्हा त्याचं अख्खं शहर दोन दिवस कोरडं पडलं. पण चटका बसल्यावर ते हलले. तिकडच्या देशांची एकमेकांशी भाषा जुळत नाही, शेजाऱ्याचं शेजाऱ्याशी पटतंच असं नाही, तरी सगळ्यांनी मिळून नियम केला. पाणी, वीज, दवाखाना, रेल्वे, म्हणजे ज्याच्यावाचून माणसाचं चालत नाही त्या सगळ्याची राखण करायची. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळी किल्ली. एका देशात कुणी घुसला तर ते लपवायचं नाही, बाकीच्यांना लगेच सांगायचं. आणि राखणीत कसूर झाली तर जाब विचारायचा तो वरच्याला. खालच्या माणसाच्या गळ्यात घोंगडं टाकून मोकळं व्हायचं नाही.

ही सूचना माझ्याही पडद्यावर आली: पासवर्ड बदला, मोडेम उघडा ठेवू नका. पहिल्यांदा आली तेव्हा रात्रपाळीच्या माणसानं ती पुसून टाकली. पुढच्या वेळी तरन्नुमनं वाचली आणि साहेब आल्यावर सांगितलं.

"साहेब, ह्यो पासवर्ड बदला म्हणतंय. सगळ्यांना म्हाईत झालाय."

साहेब हसले. "देवाचं नाव हाय ते. काढून काय ठेवू? तुमच्या पिराचं?"

अण्णाराव पायाकडं बघत राहिले. तरन्नुमही हसली. हसण्यावारी न्यायचं तिला लहानपणापासून शिकवलेलं असणार. तिनं परत तो विषय काढला नाही. माझ्या पडद्यावर मात्र ती सूचना येतच राहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारा-अवजारांची पूजा असते. शेतकरी नांगर पुजतो, ड्रायव्हर गाडी पुजतो, आमच्या केंद्रावर मला पुजलं. मला धुऊनपुसून झेंडूचा हार घातला. पंपांपुढं नारळ फुटले. रणधीर साहेबांनी हळदीकुंकवाची बोटं ओढली ती नेमकी कपाळावरच्या पट्टीखाली, देवाचं नाव झाकू नये म्हणून. पेढे वाटले, तरन्नुमनंही घेतला. मग साहेबांनी मोबाइल काढून माझा फोटो घेतला, अगदी जवळून. तो त्यांनी स्टेटसला ठेवला, फेसबुकवर टाकला आणि वर लिहिलं, 'आमचं पॅनल, आमचा भैरवनाथ.' लोकांनी हात जोडले, फुलं पाठवली. पट्टीवरचं अक्षर न् अक्षर त्यात वाचता येत होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी कुणीतरी आत आलं. दारातून नव्हे, मोडेममधून. नाव सांगितलं ऑपरेटर, पासवर्ड दिला भैरवनाथ एक-दोन-तीन. मी त्याला आत घेतलं. तो कोण होता, कुठल्या मुलखातला होता, मला आजही माहीत नाही. कळंब नावाचं गाव आहे हे तरी त्याला ठाऊक होतं का, देव जाणे. त्यानं क्लोरीनचा पंप पुरा सोडला आणि धोक्याची घंटा बंद केली. मी हुकमाचा ताबेदार. तोंडानं देवाचं नाव घेऊन आलेल्याला मी थांबवू शकत नव्हतो.

तरन्नुम तेव्हा खुर्चीवर डबा खात होती. पडद्याकडं तिची पाठ होती. तिला वास आला. घास तसाच टाकून ती बाहेर पळाली, पदर नाकाला लावला आणि क्लोरीनच्या नळीचं चाक दोन्ही हातांनी फिरवून बंद केलं. खोकत खोकत तिनं गावाकडच्या टाकीवर अण्णारावांना फोन लावला.

"मामा, पाणी सोडू नका. जेवढं सोडलंय तेवढं बंद करा. आत्ताच्या आत्ता."

थोडं पाणी आधीच गेलं होतं. एका वस्तीवरच्या शाळेत मुलांचे डोळे चुरचुरले, दोघांना उलटी झाली. संध्याकाळपर्यंत मुलं बरी झाली. ती चाकाशी पोचली नसती तर काय झालं असतं, ते मला मोजता येतं, पण सांगवत नाही. तिच्या घशाची आग मात्र आठवडाभर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी मोडेमची पिन काढली, सिमकार्ड खिशात घातलं आणि मोडेम कपाटावर ठेवून दिला. माणूस मुळात दुष्ट नव्हता. घाबरलेला होता. पण घाबरलेल्या माणसानं केलेलं नुकसान कमी नसतं.

मग वरून चौकशीला दोघं आले. त्यांनी मला विचारलं, त्या वेळी आत कोण होतं? मी खरं तेच दाखवलं: ऑपरेटर. त्या वेळी खुर्चीवर कोण होतं? तरन्नुम. झालं. बाहेरून यायचं दार होतं हे सांगणारा मोडेम तर कपाटावर धूळ खात पडला होता, त्याच्याकडं कुणी मान वर करून बघितलं नाही. माझ्याकडं येणाऱ्याचं नाव असतं, तोंड नसतं. आणि नाव तर सगळ्यांना एकच दिलेलं.

त्यांनी अण्णारावांना विचारलं, "तुम्ही काय पाहिलं?"

"म्या टाकीवर होतो, साहेब. मला हितलं काय दिसतंय?"

हे खोटं नव्हतं. अण्णारावांची निवृत्ती जवळ आली होती. तिचा फोन आला होता, एवढं एक वाक्य त्यांना पुढं बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत.

तेवढ्यात रणधीर साहेबांना जुनी थट्टा आठवली. आता ती थट्टा राहिली नव्हती. ते म्हणाले, "मागं एकदा ती देवाचं नाव काढा म्हणत होती. आमी काय मनावर घेतलं न्हाय." चौकशीवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि तिचं आडनाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. संध्याकाळच्या आत गावोगावच्या मोबाइलवर पाण्यात विष कालवणारी म्हणून तिचा फोटो फिरत होता. ज्या शाळेतली मुलं तिच्यामुळं वाचली त्या शाळेच्या गटावरही फिरला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी इथं आल्यावर शिकलो. शिकवणारे चांगले मिळाले.

तिला कामावरून काढलं. पुरावा पुरेसा नाही म्हणून गुन्हा काही टिकला नाही, पण सुटका झाली असंही कुणी म्हटलं नाही. फरिदाबीकडं ब्लाउज शिवायला टाकलेल्या बायका कापड परत घेऊन गेल्या.

इकडं केंद्रावर शांती केली. होम झाला, नारळ फुटला. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, इथं झोपासुद्धा केला नाही. तरन्नुमच्या जागी आलेल्या शिवपुत्रनं भाबडेपणानं विचारलं, "साहेब, पासवर्ड बदलायचा का आता?"

साहेबांनी दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता बदलला तर लोक म्हणतील, खोट पासवर्डातच होती. मग त्या पोरीला का काढली, ह्याचं उत्तर कोण देणार? राहू दे हाय तसाच."

म्हणून तो आहे तसाच आहे. ती दोषी ठरावी म्हणून दार उघडं ठेवलंय. मोडेममध्ये सिमकार्ड परत बसलंय, कारण साहेबांना मोबाइलवर पंप बघायची सवय सुटत नाही. सूचना येतात, शिवपुत्र पुसतो. त्याला इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, आणि टाकीतलं पाणी बघून यायला त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मध्यंतरी तरन्नुम एकदा येऊन गेली. त्या दिवशीचा तिचा डबा इथंच राहिला होता, तो न्यायला. अण्णाराव दारात होते. "बस गं, च्या घे," म्हणाले, पण तिच्याकडं बघून नव्हे. ती आत आली. डबा घेतला, झाकण उघडून परत लावलं, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तुला तर सगळं म्हाईत हाय की रे," ती हळू म्हणाली. "एकदा तरी सांगायचं होतंस."

तिनं पडद्याला बोट लावलं. मी उजळलो. मला जे येतं तेवढंच मी केलं. पडद्यावर अक्षरं उमटली: पासवर्ड द्या.

ती वाचत उभी राहिली. मग डबा उराशी धरून निघून गेली. चहा तिनं घेतला नाही.

आता माझं म्हणणं संपत आलं. तुमच्या गावच्या पाण्याची, विजेची किल्ली कुणाकुणाकडं आहे, एकदा विचारून बघा. विचारणाऱ्याला लोक हसतील, हसू द्या. आणि कधी कळंबच्या आठवडी बाजारात तरन्नुम दिसली तर जवळ जाऊन एवढं म्हणा, बाई, ते तुम्ही केलं नव्हतं. तिला ते माहीतच आहे. पण दुसऱ्या माणसाच्या तोंडून तिनं ते अजून एकदाही ऐकलेलं नाही.