पपांचा हलका ट्रायपॉड

पपा कित्येक वर्षं कार्बन फायबरचा ट्रायपॉड निवडत होते. निवड व्हायच्या आत ते वारले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. रविवारी कॅमेऱ्याच्या दुकानात जायचं. ट्रायपॉडचे तिन्ही पाय उघडायचे, वरून दोन्ही तळव्यांनी दाबायचं, नखाने टिचकी मारून कान लावायचा. मग तो मिटून खांद्यावर टाकायचा आणि कपाटाच्या काचेत आपण कसे दिसतो ते बघायचं. शेवटी होता तिथे परत ठेवायचा. "पुढचं मॉडेल येऊ दे," असं म्हणून बाहेर पडायचं. दुकानदाराचे केस याच काळात पांढरे झाले. घरी येऊन पपा त्यांचं जुनं ॲल्युमिनियमचं धूड खांद्यावर घेत आणि धनेश पक्ष्याचे फोटो काढायला पिनांग बेटावरच्या डोंगरावर चढत.

त्याच डोंगराच्या पायऱ्यांवर त्यांनी एके सकाळी ते धूड खांद्यावरून उतरवलं, शेजारी नीट उभं केलं, खाली बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हातात नुसता रुमाल असता तरी हेच झालं असतं. आत्याला डॉक्टर पटले नाहीत. अंत्यविधी आटोपल्यावर गैक निओ आत्याने पहिलं काम काय केलं, तर ट्रायपॉड भंगारवाल्याला देऊन टाकला.

"माझ्या भावाला त्या लोखंडाने खाल्लं," ती म्हणाली.

"ॲल्युमिनियम," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे धातूंविषयी काही बोलले नाही.

मग चेंग बेंग, आम्हा चिनी लोकांचा पितरांचा दिवस, जवळ आला. कबर झाडायची, जेवण मांडायचं, आणि गेलेल्या माणसाला तिकडे जे जे लागेल ते कागदाचं करून जाळायचं. आत्याने बंगला सांगून ठेवला होता. शिवाय गाडी, ड्रायव्हर, दोन मोलकरणी आणि अंग चेपून देणारी खुर्ची. पपांना मोलकरणींची भीती वाटायची, आणि खुर्चीला पाठ टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

"आणि कॅमेरा?" मी विचारलं.

"सांगितलाय. लांब नळीवाला."

"ट्रायपॉडशिवाय?"

"लेंग, ज्याने माणूस मारला तेच त्याच्या मागोमाग पाठवायचं? उद्या म्हणशील विष पाठवू."

"आजोबांना तू दर वर्षी सिगारेटी पाठवतेस. ते फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले."

"ते वेगळं. ते ऐकायचे नाहीत."

मी बरंच वाचते. पपा गेल्यावर दुःखावरची पुस्तकंही वाचून काढली. त्यांत नदीकाठचे फेरफटके होते, दीर्घ श्वास होते, ट्रायपॉडबद्दल एक ओळ नव्हती. मला तर दुसरं काही सुचत नव्हतं. पपांना मी ओळखते. तिकडे ट्रायपॉड नसला तर ते कुठूनतरी पैदा करतील, तोही जड, फुकट मिळाला म्हणून. आणि पुन्हा खांद्यावर टाकून चढायला लागतील. यापुढे त्यांच्यासाठी मला एवढं एकच करता येण्यासारखं होतं: त्यांना हलका ट्रायपॉड पोचवायचा. फक्त तो कुठला, हे ते सांगून गेले नव्हते.

म्हणून मी त्यांच्या पक्षीवाल्या दोस्तांना गाठलं. शिवा अंकल दातांचे डॉक्टर होते, हाशिम अंकल सरकारी मोजणीखात्यात. निवृत्तीनंतर दोघांचा मुक्काम डोंगरापायथ्याच्या कॉफीच्या दुकानात असतो. पपांची खुर्ची त्यांनी अजून काढली नव्हती. तिच्यावर कॅमेऱ्याची पिशवी ठेवली होती, म्हणजे दुसरं कोणी बसायला नको.

"चार भागांचा घे," शिवा अंकल लगेच म्हणाले. "बारीक पाय. मिटला की छत्रीएवढा. खांद्याला कळतसुद्धा नाही."

"बारीक पाय?" हाशिम अंकलनी कप खाली ठेवला. "त्या तोफेएवढ्या लेन्सखाली? वारा आला की फोटोत धनेशाला दोन चोची येतील. जाड पायांचा घे पोरी, तीन भागांचा. आणि मधला दांडा नको. मधला दांडा हवा असतो तो माणूस आळशी."

"पण तिकडे वारा असतो का?" शिवा अंकलनी त्यांना विचारलं.

"मला काय विचारतोस? आमच्याकडची व्यवस्था वेगळी. मी फक्त तांत्रिक सल्ला देतोय."

"शिवा अंकल, तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आमच्यात माणूस परत जन्माला येतो. नवे दात, नवे गुडघे. आणि ट्रायपॉड न घेता दुकानातून बाहेर पडायला अख्खं आयुष्य."

"मी काय म्हणते, कागदाचाच तर करायचा आहे. मग वजन कशाला बघायचं?"

दोघांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"कागदाचा इथे," हाशिम अंकल म्हणाले. "पोचल्यावर तो जसा सांगितलास तसाच असणार. तुझ्या बापानेच, तेक सिनने, सांगितलं होतं. त्याच्या काकांसाठी तुम्ही लोकांनी मोबाइल जाळला आणि चार्जर विसरलात. गैक निओच्या स्वप्नात येऊन ओरडले ना ते?"

खरं होतं. आत्याने दुसऱ्याच दिवशी चार्जर जाळला होता, लांब वायरचा.

तासभर भांडून दोघं एकमेकांना गाढव म्हणाले आणि दोघांनीही कॉफीचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मला काही ठरवता आलं नाही. हा गुण मी कुठून उचलला हे सांगायला नको. कागदी वस्तू करणाऱ्या आह सिमकडे मी दोन्ही सांगून आले.

"तीन पाय? त्यावर पातेलं ठेवायचं का?" तिने विचारलं.

"कॅमेरा."

"कॅमेरा माणूस हातात धरतो."

"मोठा असला तर हात हलतो."

"मेल्यावर कसला हात हलतोय," ती म्हणाली, पण बांबूच्या कामट्या काढून मोजायला लागली.

आणायला गेले तेव्हा तिथे तीन ट्रायपॉड उभे होते. एक बारीक काळा, एक जाड काळा आणि एक सोनेरी. सोनेरीच्या तिन्ही पायांवर ड्रॅगन वर चढत होते.

"हा कोणी सांगितला?"

"कोणी नाही. त्या दोन काळ्या काठ्या बघून माझंच मन उदास झालं. हा माझ्याकडून."

"कार्बन फायबर काळंच असतं, आह सिम."

"असेल. ते इथे."

चेंग बेंगच्या सकाळी शिवा अंकलच्या गाडीतून आम्ही स्मशानाच्या टेकडीवर गेलो. हाशिम अंकल सोबत म्हणून आले आणि जरा लांब, झाडाखाली उभे राहिले. आत्या आधीच पोचली होती. तिने गवत काढलं होतं, दगडावरच्या अक्षरांना ताजा रंग दिला होता आणि बदक, वाफवलेले केक, संत्री मांडून ठेवली होती. बंगला कबरीशेजारी उभा होता, माझ्या कंबरेएवढा. दारात दोन्ही मोलकरणी हसत होत्या.

मी गाडीतून ट्रायपॉड काढले. आत्याने ते पाहिले.

"एकाने मारलं," ती म्हणाली, "म्हणून तीन?"

"एकच जाळायचा. कुठला ते ठरायचंय."

"एकही जाळायचा नाही. त्याला बसून राहू दे जरा. खुर्ची दिलीये."

"ते बसणार नाहीत आत्या, तुला माहितीये."

"मग बसायला शिकेल! आता काय घाई आहे त्याला?"

तिचा आवाज चढला होता. शेजारच्या कबरीपाशी आलेल्या कुटुंबाने धूप लावायचं थांबवून आमच्याकडे तोंडं केली. शिवा अंकल घसा खाकरून म्हणाले, "गैक निओ, त्यालाच विचार ना."

जाळण्याआधी आम्ही विचारतोच. दोन नाणी टाकायची. एक छापा, एक काटा पडला तर होकार. दोन्ही काटे म्हणजे नाही. दोन्ही छापे म्हणजे पलीकडचा माणूस नुसता हसतोय. आत्याने आधी जेवण झालं का विचारलं. लगेच होकार आला. जेवणाच्या बाबतीत पपांनी कधी कोणाला ताटकळत ठेवलं नाही.

मग तिने बारीक ट्रायपॉडकडे बोट दाखवलं. "सिन, ही काठी तुला हवी का?"

दोन्ही छापे.

"ती जाडी?"

दोन्ही छापे.

सोनेरीला दोन्ही काटे पडले. "अक्कल शाबूत आहे," आत्या पुटपुटली. तिने पुन्हा बारीक विचारला. छापे. पुन्हा जाड. छापे.

"दुकानात उभा आहे तो," शिवा अंकल म्हणाले. "टिचक्या मारतोय."

झाडाखालून हाशिम अंकल मोठ्याने हसले आणि मग त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिले.

"संपलं," आत्या म्हणाली. "हो म्हणत नाही म्हणजे नको." ती नाणी उचलायला वाकली.

"थांब. एकदा मी विचारते."

तिने नाणी माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या हाताची ऊब त्यांना होती. मी कबरीकडे पाहिलं, पण दगडाशी काय बोलायचं ते मला कळत नाही, म्हणून घरी विचारलं असतं तसं विचारलं.

"पपा, मी निवडू?"

एक नाणं तिथेच पडलं. दुसरं घरंगळत संत्र्यांपाशी गेलं. आत्याने चष्मा लावला, वाकली आणि दोन्ही नीट बघितली. एक छापा, एक काटा.

"जाड पायांचा, लेंग!" हाशिम अंकल झाडाखालून ओरडले. "लेन्स आठव!"

त्यांचं बरोबर होतं. कुठल्याही शहाण्या माणसाने जाड पायांचा घेतला असता. मी बारीक उचलला.

"फोटो हलतील!"

"हलू देत," मी म्हणाले. "चढताना खांदा दुखणार नाही."

आत्याने हात पुढे केला. मी ट्रायपॉड तिच्याकडे दिला. बाजारात मासा जोखतात तसा तिने तो तळहातावर जोखला, दोनदा.

"एवढासाच?"

"एवढासाच."

"हे मिळत होतं दुकानात? खरंखुरं?"

"केव्हापासून."

"मूर्ख," ती म्हणाली. मला नाही. कबरीकडे बघून.

मग तिने त्यावर पपांचं नाव लिहिलं, मधल्या वाटेत दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून, आणि स्वतःच्या हाताने आगीत ठेवला, बंगल्याच्या आधी. पाय आधी वाकले, मग तिन्ही एकत्र बसले. तो पूर्ण जळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. धूर डोळ्यांत जात होता तरी बाजूला झाली नाही.

"आता हे दोन," शिवा अंकल म्हणाले. "टाक तेही. परत कशाला न्यायचे?"

"नको," मी म्हणाले. "तिन्ही मिळाले तर ते पुन्हा निवडत बसतील. डोंगरावर जाणारच नाहीत."

आत्याने बदक कापायला घेतलं. अर्ध्यावर सुरी थांबवून ती म्हणाली, "तो जाडा माझ्या कपाटावर ठेव."

"तुझ्या?"

"मी गेले की माझ्याबरोबर जाळ. तू निवडलेला त्याला चालला नाही तर बदलून द्यायला कोणीतरी नको?"

"आणि सोनेरी?"

"सोनेरी माझा," आत्या म्हणाली. "मला काळं शोभत नाही."