बारा मिनिटं पुढे

गोदामाच्या फाटकावर बावीस वर्षं पहारा करणाऱ्या त्या माणसाला एकाच गोष्टीचा तोरा होता: कामावर यायला त्याला एकदाही उशीर झाला नव्हता. त्यासाठी मनगटावरचं घड्याळ तो मुद्दाम बारा मिनिटं पुढे ठेवायचा. दोन वर्षांपूर्वी त्यात आणखी एका तोऱ्याची भर पडली. फाटकावरचा कॅमेरा त्याच्या लेकीनं बसवला. ती शिडीवर, हा खाली शिडी धरून. तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला तो बोट वर करून सांगायचा, "आमच्या पोरीनं बसवलाय. याच्यापुढे कुणाची लबाडी चालायची नाही." बिचारे ड्रायव्हर निमूटपणे मान डोलवायचे.

आणि आज त्याच कॅमेऱ्यानं त्याला चोर ठरवलं होतं.

कोठीतलं एक महागडं सूक्ष्मदर्शक यंत्र गायब होतं. कोठीचं दार कार्डानं उघडायचं, आणि दारावरच्या यंत्रात नोंद होती: दुपारी दोन, पहारेकऱ्याचं कार्ड. कॅमेऱ्यात मात्र दोन वाजता पहारेकऱ्याची खुर्ची रिकामी.

"पाणी भरायला गेलो होतो," तो इन्स्पेक्टरबाईंना म्हणाला. "कार्ड केबिनमध्ये खिळ्याला होतं."

"पण त्याआधी केबिनमध्ये दुसरं कुणीच शिरलेलं दिसत नाही, काका."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. कॅमेरा चुकतोय म्हणावं, तर लेकीच्या कामाला बट्टा. मालकाच्या आणखी तीन गोदामांचं काम तिला मिळायचं होतं. मालकामागे कोठीचा कारकून साळसूदपणे उभा होता.

लेक आली ती हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊनच. ती थेट पडद्यासमोर बसली. कोपऱ्यातल्या आकड्यांकडे तिनं पाहिलं, मग मोबाइलकडे, मग बापाच्या मनगटाकडे. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा, त्या दिवशी शिडीवरून मी तुम्हाला वेळ विचारली होती ना?"

"हो. मी घड्याळात बघून सांगितली."

"हा कॅमेरा बारा मिनिटं पुढे आहे, मॅडम. दाराच्या यंत्राची वेळ बरोबर आहे. खरे दोन वाजले तेव्हा इथे दोन बारा झाले होते."

तिनं दोन बाराचं चित्र लावलं. पहारेकरी खुर्चीत बसून निवांत डबा खात होता. ती तीन मिनिटं मागे गेली. खुर्ची अजून रिकामीच होती, आणि कारकून केबिनमधून मूठ मिटून बाहेर पडत होता. चोरीनंतरची वेळ समजून कुणी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कारकुनाची पाचावर धारण बसली. सूक्ष्मदर्शक त्याच्याच टेबलाखाली, रद्दीच्या खोक्यात सापडलं.

इन्स्पेक्टरबाई जबाब लिहायला बसल्या. "कॅमेऱ्याची वेळ चुकली कुणामुळे?"

"माझ्यामुळे," पहारेकरी घाईनं म्हणाला. "घड्याळ माझं."

"नाही," लेक म्हणाली. "वेळ पडताळून बघायचं काम माझं होतं. माझं नाव लिहा."

मालक समोरच उभा होता, तरी तिनं मान खाली घातली नाही. कॅमेरा बसला त्या दिवशीसुद्धा बापाचा ऊर इतका भरून आला नव्हता. त्यानं डोळे पुसले, कुणी बघतंय का याची पर्वा न करता.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी फाटकाशी थांबली. ड्रायव्हरनं सवयीनं मान डोलवायला सुरुवात केली, तोच पहारेकऱ्यानं बोट वर केलं.

"हा चुकला होता," तो म्हणाला. "आमच्या पोरीनं पकडला. आणि ‘चूक माझी आहे’ म्हणून तिनं स्वतःच सांगितलं, सगळ्यांसमोर!"