दिवस मावळायच्या आत

मिसळ या विषयावर कृष्णाकाठी शेवटचा शब्द जवाहर मगदूमचा, हे वाईपासून आष्ट्यापर्यंत सगळ्यांना मान्य होतं. एखाद्याचा रस्सा बिघडला तर तो हॉटेलवाला आधी रेडिओ लावून बघायचा, मगदूमांना कळलं की काय. तर्रीवर जवाहर बोलायला लागला की न्यायाधीश निकाल वाचतोय असं वाटायचं. यात अडचण एवढीच होती, की जवाहरने जन्मात मिसळ खाल्लेली नव्हती.

घर सांगलीतल्या जैनांचं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि दिवस मावळल्यावर तर काहीच नाही. असा माणूस रेडिओवर खाण्याचा कार्यक्रम करतो, याचं त्याच्या आईला, त्रिशलाबाईंना, काही वाटत नसे. "बोल की," त्या म्हणायच्या, "बोलल्यानं कुठं बाटतंय तोंड."

खायचं काम संयोगिता करायची.

संयोगिता म्हणजे रहिमतपूरच्या सुभेदार मानसिंगांची मुलगी. गुडघा गेल्यावर तिचं टेनिस खेळणं सुटलं आणि शिकवणं सुरू झालं, साताऱ्याच्या एका क्लबात. सांगलीच्या त्या लहानशा रेडिओ केंद्रावर टेनिस आलं ते मात्र गुडघ्यामुळे नव्हे, सन्मतीशेठ पंपवाल्यांच्या पोटामुळे. केंद्राच्या निम्म्या जाहिराती शेठच्या. डॉक्टरांनी त्यांना टेनिस खेळायला सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकायचं ठरवलं. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी तासभर खाणं, टेनिस आणि गावाची हालहवाल लागायची. नळाला पाणी कधी येणार, पोवई नाक्यावर या आठवड्यात काय खणलंय, सांगलीत पुलाखाली नदी कुठवर आलीय. केंद्रात टेनिसमधलं कुणाला काही कळत नव्हतं म्हणून कोच शोधली. ती खातेही मनापासून, हे पहिल्याच खेपेला लक्षात आलं.

मग पद्धतच पडली. जवाहर सकाळच्या गाडीने साताऱ्याला यायचा. हॉटेलात रेकॉर्डिंगला दोघं समोरासमोर बसायची. ती खायची, माईकवर तळहात ठेवायची आणि हळू सांगायची, "लय जाळ हाय. पन गिळल्यावर मागनं गोड येतंय. भांडून गेलेल्या मानसानं दारातनं परत येऊन 'जेवलीस का' विचारावं, तसं." मग हात काढायची, आणि जवाहर म्हणायचा, "सुरुवातीला जाळ, श्रोतेहो, आणि मागाहून माघारी आलेली माया." ऐकणारे गहिवरायचे. दुपारच्या गाडीने तो परत निघायचा, कारण दिवस मावळायच्या आत ताटावर बसायचं असायचं.

पाचसहा वर्षं हे चाललं. जगातल्या निम्म्या चवी जवाहरला माहीत होत्या त्या तिच्या तोंडच्या. झणझणीत म्हणजे तिने डोळे पुसणं. खमंग म्हणजे तिचं बोलायचंच थांबणं. एखादा पदार्थ तिला आवडला नाही तर याच्या जिभेवरून चव जायची, आणि जीभ तर कोरडीच असायची.

याला काय म्हणतात ते त्याला कळत होतं. पण पहिल्या दिवशी त्याने सभ्यपणाने तिला 'संयोगिताताई' म्हटलं होतं, आणि त्या एका शब्दातून बाहेर पडायला त्याला दोन वर्षं लागली. 'ताई' गळून 'कोच' झालं. पुढचा शब्द सापडेना. दोघांच्या मध्ये एक अख्खा जिल्हा होता आणि एक कांदा होता.

मग एका रविवारी थालीपीठ मोडता मोडता ती म्हणाली, "आवं मगदूम, स्थळ आलंय. अहिल्यानगरचं. कॅप्टन हाय."

"चांगलं आहे?"

"मानूस हाय त्यो, मिसळ न्हाई. चांगलं हाय का म्हंजे काय?" तिने तुकडा दह्यात बुडवला. "आबा म्हणलेत, पुढच्या रविवारी दिवे लागायच्या आत फोन कर. व्हय का न्हाई तेवढं सांग. मी म्हणलं, विचारून सांगते."

"कुणाला विचारून?"

ती थालीपीठ खात राहिली. चव कशी आहे ते त्या दिवशी तिने सांगितलं नाही. जवाहरने श्रोत्यांना स्वतःच्या मनाने सांगितलं आणि ते साफ चुकलं.

पुढच्या रविवारी क्लबात अंतिम सामना होता. आष्ट्याचा धैर्यशील आणि वाईचा शिवतेज, दोघंही मिसरूड फुटायच्या वयातले. सन्मतीशेठना तो थेट ऐकायचा होता, म्हणून जवाहर पहिल्यांदाच संध्याकाळपर्यंत साताऱ्यात थांबला. आईने डबा दिला होता. त्याशिवाय एक वाक्यही त्याने सोबत आणलं होतं. सांगलीला एसटीत बसल्यापासून तो ते घोटत होता. कराड येईपर्यंत त्यातली विशेषणं गळून पडली, आणि साताऱ्याच्या स्टँडवर उतरला तेव्हा नुसतं एवढं उरलं होतं: 'कोच, न्हाई म्हणून सांगा.' त्याला वाटलं, एवढं बास आहे. तसं ते बास होतंही.

टेनिसचं वर्णन रेडिओवर करणं म्हणजे आजारी माणसाच्या खोलीत बातम्या वाचणं. खेळाडू चेंडू उडवतो, पंच डोळे वटारतात, आणि वर्णन करणाऱ्याला कुजबुजावं लागतं. मांडवाच्या कडेला दोघं एका माईकवर डोकी जवळ आणून कुजबुजत होती. पहिला सेट आष्ट्याने घेतला, दुसरा वाईने. तिसऱ्याच्या आधी दहा मिनिटांची विश्रांती होती. खेळाडू बसले, केंद्रावर पंपाच्या जाहिराती लागल्या, आणि संयोगिताने माईकवर तळहात ठेवला.

"आबांचा फोन येऊन गेला," ती म्हणाली. "वाट बघायलेत. काय सांगू?"

जवाहरने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. फक्त छाती एवढी धडधडत होती, की वाक्याला बाहेर यायला जागा होईना. त्याने श्वास घ्यायला म्हणून वर बघितलं, आणि बघतो तर सूर्य यवतेश्वराच्या डोंगराला टेकलेला.

इथे सांगलीच्या माणसाचं काय होतं ते समजून घेतलं पाहिजे. सांगलीला सूर्य उसाच्या फडापर्यंत, अगदी जमिनीपर्यंत खाली जातो आणि गेला म्हणजे गेला. लहानपणापासून त्या गोळ्याकडे बघून जवाहर पानावर बसलेला. गोळा टेकला की हात डब्याकडे जातो. मन कुठे का असेना. आणि खरं सांगायचं तर त्याला चार घास खाऊन छाती जागेवर आणायची होती.

"जेवून येतो," तो म्हणाला. "मग बोलू."

"आत्ता?"

"दिवस मावळतोय की."

संयोगिताने डोंगराकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. तिचा जन्म याच डोंगरांत गेलेला. माईकवरचा हात तिने काढला नाही.

"बरं," ती म्हणाली. "जावा. जेवून घ्या."

मांडवामागे पाण्याच्या टाकीपाशी उकिडवा बसून त्याने डबा उघडला. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. घास गिळता गिळता वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. छान उमटत होतं. शेवटचं पाणी प्यायला, चूळ भरली आणि तोंड पुसत बाहेर आला.

समोर अजिंक्यतारा होता, आणि त्याच्या तटावर लख्ख पिवळं ऊन होतं.

जवाहर बघतच राहिला. पाखरं अजून चरत होती. डोंगराच्या सावलीतही पोरं चांगल्या उजेडात खेळत होती. सूर्य मावळलाच नव्हता. नुसता डोंगराआड गेला होता. साताऱ्यात तो रोजच असा आधी दडतो, मग सावकाश मावळतो. चांगला अर्धा तास हातात होता. जेवण, वाक्य आणि वर सुपारीही झाली असती.

तो माईकपाशी आला तेव्हा तिचा मोबाईल मांडीवर पालथा होता.

"केला फोन," ती म्हणाली.

"काय सांगितलंत?"

"व्हय म्हणलं."

जाहिराती संपल्या. तिसरा सेट सुरू झाला. जवाहर कुजबुजायला लागला. त्या दिवशीचं वर्णन पुढे पुष्कळांनी नावाजलं. सन्मतीशेठ म्हणाले, टेनिसमध्ये एवढं दुःख असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. चेंडू रेषेबाहेर कुठे पडला ते त्याने असं सांगितलं, की आष्ट्याला एका म्हातारीने पदर डोळ्याला लावला.

वाईचं पोर जिंकलं. लोक मैदानात गेले. तारा गुंडाळता गुंडाळता जवाहर म्हणाला, "कोच, दिवस अजून होता."

"मला म्हाईत हाय."

"मला नव्हतं."

तिच्या हातातली तार थांबली. तिने पुन्हा डोंगराकडे बघितलं. आता खरोखरच अंधारत होतं.

"मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, हे असं जेवायला उठणं म्हंजेच तुमचं सांगणं."

"मी सांगणार होतो. पाठ करून आलो होतो."

"आबांनी आतापतूर गूळ वाटला असंल हो गल्लीत." तिने तारेचा वेढा दाताने घट्ट धरला, सोडला. "सुभेदाराच्या घरातनं गेलेला शब्द हाय. त्यो माघारी येत न्हाई. चव सांगू का याची?"

"नको," जवाहर म्हणाला.

तिने सांगितली नाही. त्यामुळे ती चव कशी होती ते जवाहरला आजतागायत शब्दांत सांगता येत नाही. पहिल्यांदाच त्याने काहीतरी स्वतः चाखलं होतं.

लग्न उन्हाळ्यात, रहिमतपूरला. सुभेदारांनी स्वतः फोन केला. "जवाहरराव, माईक तुमीच धरायचा. पोरीची लय इच्छा हाय. तुमच्यासाठी बिनकांद्याचं येगळं केलंय, दिसाउजेडी वाढायला लावतो, काळजी नगं." नाही म्हणायला जवाहर पुन्हा उशीर करून बसला.

मांडव गच्च होता. त्याने पाहुण्यांची नावं घेतली, व्याही मंडळींचं स्वागत केलं, मंगलाष्टकांच्या आधी शांत राहायला सांगितलं. आवाज एकदाही हलला नाही. अक्षता पडल्या. हारांमधून कॅप्टन दिसत होता. वाईट म्हणायला जागा नाही असा माणूस होता, हेही जवाहरला सोसावं लागलं.

मग संयोगिता हिरव्या चुड्याचा हात सावरत दोन पावलं त्याच्याकडे आली. पूर्वीसारखा तिने माईकवर तळहात ठेवला आणि डोकं जवळ आणलं. सनई, माणसं, भांडी, सगळं जवाहरच्या कानांतून एकदम निघून गेलं. तिचे डोळे भरलेले होते. ओठ दोनदा हलले आणि थांबले. पाठीमागून तिच्या आत्याने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिने मान डोलावली, नाक ओढलं आणि पुन्हा त्याच्याकडे वळली.

"आवं मगदूम," ती म्हणाली, "तेवढी गेटातली पांढरी गाडी काढायला सांगा की. मठ्ठ्याची पिंपं आत येईनात."