बाजूला बसणारी

आक्काने गाडीचं डावं दार उघडून एक पाय आत टाकला आणि ती तशीच थांबली. तिच्या जागेवर प्रितम होता. मान स्टिअरिंगखाली, पाय दाराकडे, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा.

"ऊठ रे. उन्हं वर आली."

"दोन मिनिटं, आई."

ती पाय मागे घेऊन अंगणात उभी राहिली. हातात डब्याची पिशवी, पाण्याची बाटली, खांद्यावर शाल. समोरच्या गोडाऊनच्या दारात ट्रक मागे घेताना कुणीतरी "आने दे, आने दे" ओरडत होतं. जिथे ट्रक उभा होता तिथे आठ वर्षांपूर्वी त्यांचं भाताचं खाचर होतं. काल्हेरची सगळी खाचरं अशीच सिमेंटखाली गेली होती. तिच्या नवऱ्याने, महादूने, मग घाटावर, घोटीजवळ, भाताचीच जमीन घेतली आणि दर गुरुवारी तो स्वतः गाडी चालवत ती बघायला जाऊ लागला. आक्का बाजूला बसायची. तिचं काम एकच होतं, बोलत राहायचं.

हे काम तिला लग्नाच्या वर्षी मिळालं. महादू तेव्हा खाडीवरून रेतीचा ट्रक चालवायचा आणि एकदा चालवता चालवता त्याचा डोळा लागला. ट्रक मिठागरात उतरला. माणसं वाचली. त्यानंतर सासूनेच नव्या सुनेला ट्रकमध्ये चढवलं. म्हणाली, हिचं तोंड बंद होत नाही, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे. गाव हसलं. पण महादूला पुन्हा झोप लागली नाही.

प्रितम बाहेर आला. स्टिअरिंगच्या मागे त्याने साबणाच्या वडीएवढी काळी डबी बसवली होती. तिला एक बारीक काचेचा डोळा होता.

"हा कॅमेरा बाबांच्या डोळ्यांकडे बघत राहणार," तो म्हणाला. "पापण्या मिटल्या की आवाज देणार. तिकडे मोठ्या गाड्यांत आता येतंच हे. हे चाचणीचं आहे, मित्राने दिलंय."

तिकडे म्हणजे जपानला. कंपनीने प्रितमला उन्हाळ्यात ट्रेनिंगसाठी पाठवलं होतं. तो गेला दीड महिन्यासाठी, पण अजून पुरता परत आला नव्हता. चपला काढून त्यांची टोकं दाराकडे वळवून ठेवायचा. जेवताना वाटी दोन्ही हातांनी उचलायचा. दूध न घातलेला हिरवट चहा प्यायचा आणि घोट घेतल्यावर डोळे मिटायचा.

त्याची बायको करिष्मा दारात उभी राहून केस विंचरत होती. "म्हणजे गाडी बाबांकडे बघणार आणि बाबा रस्त्याकडे. मग रस्त्यातल्या म्हशींनी कुणाकडे बघायचं?"

"तुला सगळ्याची मस्करीच सुचते."

"मी विचारतेय. तुझ्याकडे दिवसभर असं कुणी डोळे लावून बसलं तर चालेल तुला?"

"सुरक्षेसाठी असेल तर चालेल. तिकडे कुणाला त्याचा राग येत नाही. शिस्त आहे."

"येवढी शिस्तीची मानसं," आक्का म्हणाली, "मग गाडीत झोपतात कशी?"

करिष्मा हसली. प्रितमनेही हसू दाबलं. मग तो गंभीर झाला.

"आई, तिथे बाजूचा माणूस ड्रायव्हरशी बोलतच नाही. शांत बसतात. मी एका घरी राहिलो होतो. आजी-आजोबा रोज संध्याकाळी बागेकडे तोंड करून बसायचे. तासभर. एक शब्द नाही. मी बघत राहायचो. काय समाधान होतं त्यांच्या चेहऱ्यावर!"

"भांडलेली असतील."

"आई!"

"तासभर कोन गप बसतं रे? तुझ्या मामाच्या हळदीला आमचं वाजलं व्हतं, तेव्हा आमी पन असंच बसलो व्हतो. समोर बाग न्हवती, येवढंच."

महादू तोवर पायऱ्या उतरून आला. त्याने डबीकडे पाहिलं, रुमालाने आरसा पुसला आणि तो गाडीत बसला.

"बाबा, चालेल ना?"

"हं," महादू म्हणाला.

महादूच्या 'हं'चे अर्थ लावण्यात आक्काचं आयुष्य गेलं होतं. होय, नाही, बघू, भूक लागली, ऐकतोय, ऐकत नाही, सगळ्याला तेवढंच. आत्ताचा 'हं' तिला लावता आला नाही.

"हे नीट चाललं की तुला दर गुरुवारी ओढत जायला नको," प्रितम म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. "घाटात चढ-उतार, गुडघे धरतात तुझे. घरी आराम कर. ही डबी करील तुझं काम."

आक्काने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. नवऱ्याकडे पाहिलं. तो किल्ली फिरवत होता. घरी त्याच्याकडे गोडाऊनवाले यायचे, दलाल यायचे, फोन वाजत राहायचा, रात्री टीव्ही. गुरुवार सोडला तर तो तिच्या वाट्याला येतच नव्हता. तो आता काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली. गाडी सुरू झाली.

"मग आज जाऊ का नको?"

"आज जा ना. पण एक कर, बोलू नकोस. तू बोललीस की बाबा झोपणारच नाहीत, मग मशीन चालतं का नाही ते कळणार कसं?"

करिष्माचा कंगवा केसांतच थांबला. "वा. म्हणजे बाबांना झोप यावी म्हणून आईंनी गप्प बसायचं."

"चाचणी आहे!"

आक्का गाडीत बसली आणि तिने दार जरा जोरातच ओढून घेतलं.

माणकोलीचा नाका गेला, पडघा गेलं. आक्काने ओठ मिटून ठेवले होते. सांगायचं पुष्कळ होतं. राहनाळच्या लडकूच्या घरी सून आली ती रेडिओवर बोलायची म्हणे. एका टेम्पोच्या मागे गादीवर बसून एक बाई भर रस्त्यात मटार सोलत चालली होती, ते दिसलं तेव्हा तर शब्द तिच्या दातांपर्यंत आले. तिने शालीचं टोक मुठीत धरलं. महादूने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

शहापूरच्या पुढे डबीतून अचानक बारीक घंटी वाजली आणि एक बाई बोलली. आवाज अगदी मऊ, आर्जवाचा; परकी भाषा. महादू दचकला. त्याने नुसतं डोळ्यातलं कुसळ चोळलं होतं.

बाई जे काय म्हणाली ते म्हणून गप्प झाली. आक्का डबीकडे बघत राहिली. प्रितमने सांगितलं होतं, ती म्हणते, दमला असाल तर थोडं थांबा. असं मी कधी म्हटलं नाही, तिच्या मनात आलं. मी म्हणायचे, डोळे फुटले काय. खिडकीकडे तोंड करून तिने केस कानामागे सारले.

घोटीला शेत ओंबीवर आलं होतं. महादू नेहमीप्रमाणे बांधावर उभा राहिला, हात पाठीमागे, आणि वारा खाचरातून जाताना भात वाकायचं आणि उठायचं ते बघत राहिला. शेत राखणाऱ्या चिंधूने ताक आणलं. तो आक्काला म्हणाला, "आक्के, तब्येत बरी न्हाय का? आवाज न्हाय तुझा आज." ती हसली आणि हाताने 'बरी आहे' म्हणाली. झाडाखाली दोघांनी भाकरी आणि सुकट खाल्ली. पान वाजलं तरी ऐकू येत होतं.

परतताना इगतपुरी सोडली आणि धुकं आलं. आधी डोंगर गेले, मग झाडं, मग रस्त्याच्या कडेचे पांढरे दगडही गेले. घाटातल्या गाड्यांचे दिवे लांबून पिवळे होऊन यायचे आणि जवळ येईपर्यंत गाडी अशी दिसायचीच नाही. वरून पाणी पाझरत होतं, त्याचा आवाज कधी डावीकडून, कधी पायाखालून यायचा. गाडी चालली आहे की धुकंच मागे सरकतंय ते कळत नव्हतं. एखाद्या ढगात कुणीतरी सीट मांडून दोघांना बसवावं तसं वाटत होतं.

बोलायचं नाही तर बघायचं तरी कशाला, असं आक्काला वाटलं. तिने डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले. या जागेवर बसून तिने असं कधी केलं नव्हतं. रेतीच्या ट्रकमध्ये नाही, प्रितम पोटात असताना नाही, ताप असताना नाही.

थोडा वेळ गेला.

"झोपलीस?" महादूने विचारलं.

तिने उत्तर दिलं नाही. रागाने दिलं नाही. गाडीचा वेग कमी झाल्याचं तिला पाठीला कळलं. त्याने हात लांब करून तिच्या बाजूची काच वर घेतली. वारा बंद झाला.

मग तो बोलू लागला. हळू, घसा साफ करत, नवा माणूस बोलतो तसा. तिला आधी वाटलं, तो त्या डबीतल्या बाईशी बोलतोय.

"पुतळाबाई खोटं बोलते," तो म्हणाला. "तू मागं विचारलं व्हतंस, त्यांच्या घरात सून खोटं बोलते का सासू. सासूच. मी तिच्या डोळ्यावरून वळखलं."

ते विचारून दोन पावसाळे झाले होते.

"आनि ती निळी साडी. ती बरी दिसते तुना. हिरवीत तू मोठी वाटतेस."

वळण आलं. तो थांबला, हॉर्न दिला, वळण काढलं.

"आपल्या पोरीला, कमळला, नाशकात दिली ते बरं केलं का, असं तू विचारलंस. लई वेला विचारलंस. मना पन म्हाईत न्हाय गो. पन जावई तिला बोलू देतो. मी बघितलंय. ती बोलते तेव्हा तो ताट बाजूला सारतो."

आक्का श्वास मोजून घेत होती; झोपलेल्या माणसाचा श्वास कसा असतो ते तिला आठवत नव्हतं. गेल्या कितीतरी गुरुवारांचे प्रश्न, ज्यांना 'हं' मिळाला होता आणि जे तिने स्वतःच विसरून टाकले होते, ते त्याच्याकडे होते. तो एकेक काढत होता. कुत्र्याचं, छपराचं, शेजारच्या मोरूने बांध कोरला त्याचं. तिने कधीतरी विचारलं होतं, बांधावर उभं राहून तुम्ही एवढं काय बघता.

"काय न्हाय," तो म्हणाला. "भात वाकतं तेव्हा आपलं जुनं खाचर दिसतं. मंग उठतं तेव्हा ते जातं."

पुढची दोन वळणं त्याने नुसता हॉर्न देत काढली. संपलं असं तिला वाटलं. पाणी पाझरत होतं.

"दवाखान्यात व्हतीस, तेव्हा बोललीस, मी न्हाय राहिले तर गाडीत कुनाशी बोलाल." त्याने घसा खाकरला. "मी कुठं बोलतो गो? मना ऐकायला लागतं."

घंटी वाजली. ती बाई तिच्या मऊ आवाजात काहीतरी म्हणाली.

"न्हाय, न्हाय," महादू तिला म्हणाला. त्याचा आवाज ओला होता आणि बाहीने तोंड पुसल्यासारखी सळसळ झाली. "जागाच हाय, बाय."

आक्काने पापण्या घट्ट मिटून घेतल्या. घाट उतरला, हवा गरम झाली, कसारा गेलं, शहापूरचा गलका येऊन गेला. तिने डोळे उघडले नाहीत.

काल्हेरला उतरली तेव्हा तिची मान आखडली होती. अंगणात अजून उजेड होता. प्रितम पळतच आला. महादू चावी त्याच्या हातात देऊन पाय धुवायला मागे निघून गेला.

"वाजलं?"

"वाजलं."

"म्हणजे बाबांना झोप आली होती?"

"मना काय विचारतोस? मी झोपले व्हते."

"तू? गाडीत?" प्रितम चकित झाला आणि मग त्याचा चेहरा खुलला. "बघितलंस? शांत बसलं की किती बरं वाटतं ते. मी सांगत होतो, त्या आजी-आजोबांचं..."

"सांगत व्हतास," आक्का म्हणाली.

करिष्माने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. "आई, मग पुढच्या गुरुवारी घरीच ना?"

मागून तांब्यातलं पाणी पायावर ओतल्याचा आवाज येत होता. आक्काने शाल काढली, तिची घडी घातली आणि ती परत गाडीत, आपल्या सीटवर ठेवली.

"जानार," ती म्हणाली. "उशी बघून ठेव एक. मानेला लागते."