जामीनदार अंजनाबाई

माझ्या बाबांना अटक झाली ती एका बादलीमुळे. प्रताप नगरातल्या आमच्या घरापुढचा ओटा तोडायला अतिक्रमणवाले आले, तेव्हा बाबा कूलर धूत होते. त्यातलं गढूळ पाणी त्यांनी बादलीभर साहेबांच्या डोक्यावर ओतलं आणि वर विचारलं, "थंडं वाटून राहिलं का, साहेब?" झालं, सरकारी कामात अडथळा. वय सत्तर, अक्कल सात! मला तर वाटत होतं, राहू द्यावं दोन दिवस आतच. पण परवा माझ्या धाकट्या बहिणीचं, प्रीतीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं आणि उद्यापासून कोर्टाला सुट्टी.

"जामीन मंजूर झालाय," आमचे वकील दुर्गेश कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणाले. "आज जामीनदार उभा केला तर काका इथूनच घरी. नाही तर सोमवारपर्यंत तुरुंग. ज्याच्या नावावर सातबारा आहे असा माणूस पाहिजे."

आमच्या घरात सातबारा एकटीच्या नावावर होता, आईच्या. सावनेरजवळचं तिच्या वडिलांनी दिलेलं शेत. ती उतारा, आधार कार्ड आणि फोटो घेऊन आली. बाबांकडे मात्र तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"जजसाहेब एक-दोन प्रश्न विचारतील, काकू," दुर्गेश म्हणाले. "भाडोत्री जामीनदार फार झालेत ना. घाबरू नका."

"मी काहून घाबरू? पाणी मी टाकलं का?"

न्यायाधीशांनी कागद पाहिले. "अंजनाबाई, आरोपीला ओळखता?"

"ओळखते ना जी. जन्मभर डोकं खाऊन राहिले माहं."

"नाव सांगा त्यांचं."

आईनं कागदांकडे बोट दाखवलं.

"कागदावर हाये ना जी," ती म्हणाली.

"ते मला दिसतंय. तुम्ही सांगा."

आई भिंतीकडे पाहू लागली आणि माझ्या लक्षात आलं. आईनं बाबांचं नाव कधीच घेतलेलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिच्या आजीनं तिच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. लग्नातही तिनं उखाणा घेतला नाही, हे बाबा अजून उगाळतात. गॅसवाल्यालाही ती माझंच नाव लावून "मिनलच्या बाबाचं सिलिंडर" म्हणून सांगते. वकिलांना आम्ही सगळं सांगितलं, नेमकं हेच राहिलं!

"आई, सांग ना वं!" मी मागून कुजबुजले.

"वकीलसाहेब, यांना आरोपीचं नावही माहीत नाही," न्यायाधीशांचा आवाज चढला. "कोर्टाबाहेरून कुणाला धरून आणलंत? असा जामीनदार मी नामंजूर करीन."

"साहेब, पत्नी आहेत त्या."

"पत्नी आहेत तर नाव सांगायला काय हरकत आहे?"

अहो, पत्नी आहे हीच तर हरकत!

तेवढ्यात आरोपीच्या जागेवरून बाबा बोलले, "राहू द्या साहेब. नाही घेत ती. मी राहतो आत. मिनल, प्रीतीले माहा आशीर्वाद सांगजो." सकाळचा सगळा माज उतरला होता. माझाही राग तिथेच विरघळला.

आईनं त्यांच्याकडे दिवसभरात पहिल्यांदा पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"पाणी टाकलं साहेबावर, अक्कल ठेवून घरी,
गोपाळरावांचा कान धरून आणीन तारखेवरी!"

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी फाइल तोंडापुढे धरली, पण त्यांचे खांदे हलत होते.

"ओळख पटली," ते सही करत म्हणाले. "कान धरायची अट मात्र कोर्टानं घातलेली नाही."

बाहेर आल्यावर आई पायरीवर बसली आणि एकदम रडायलाच लागली. "घेतलं वं मी नाव. आता काही झालं त यांले?"

बाबा तिच्याशेजारी टेकले. "अवं, कमी नाही, दहा वर्षं वाढलं माहं आयुष्य! पुन्हा एकदा घे ना."

आईनं पदरानं डोळे पुसले, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि उठली.

"पुढच्या तारखेले," ती म्हणाली. "हजर राहिले तर."