विकणाऱ्याचा हात आधी

"अक्का, गार लागायलंय गं हाताला. त्यो म्हणला तसंच हाय, मऊ, गरीब. तू उगं भ्यायलीस. थांब, आत शिट्टी वाजल्यावानी कायतरी..."

माउलीचा हा आवाज भाग्यलक्ष्मीच्या कानात वस्तीला राहिला होता. पुण्यातल्या पॅकिंग कंपनीच्या जिन्यात उभी राहून तिनं तो मोबाईलवर ऐकला. मग तिकडं त्याच्या हातातला फोन पडला. पुढं नुसता गावाकडचा, भालकीचा वारा ऐकू येत राहिला, आणि त्या वाऱ्यात भाऊ कुणाला तरी हाक मारत होता. तिला नाही, आईला.

मेंढरं विकल्यापासून माउली भालकीत ऑटो चालवायचा. मेंढरं मात्र त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. नेटच्या दुकानात त्यानं एक जाहिरात पाहिली. तपकिरी, गुळगुळीत अंग, शेपूट तोंडासारखंच बोथट. मांडूळ. चावत नाही, आणि ज्याच्या घरी जातं त्याच्या घरी लक्ष्मी येते, असं मानणारे लोक हैद्राबादेत वाट बघत बसलेले. एक मांडूळ घेऊन त्यांना विकलं की पुन्हा कळप उभा राहील, असं त्यानं मनाशी धरलं. विकणारा चिटगुप्प्याचा हरिओम, बैलांचे व्यापारी रामकिशन यांचा मुलगा. त्यानं तोंड बांधलेली पिशवी बसमधून पाठवली आणि फोनवर बजावलं, "उजेडात काढू नका, दगावतंय. पिशवीतच हातानं चाचपून बघा."

पिशवीत घोणस होती.

पोलिसात जावं तर असलं जनावर विकणारा गुन्हेगार, तसा घेणाराही गुन्हेगार. मेलेल्या पोरावर केस कशाला ओढवून घ्यायची, असं भावकी म्हणाली. हरिओमला चार माणसांत बोलावलं. तो पांढऱ्या शर्टात आला, चहा प्याला आणि म्हणाला, "म्या मांडूळच धाडलो. तुमचं पोरगं उसातनं फिरत व्हतं, तिथं चावली आसंल."

बापानं, पिराप्पानं, ते ऐकून मान खाली घातली. ती पुन्हा वर आली नाही. धनगराच्या पोरानं घोणस ओळखू नये? ज्याच्या आज्यानं शिट्टीवरून जनावर सांगितलं, त्याच्या नातवानं आपणहून हात घालावा? पिराप्पानं लेकाचं नाव घेणंच सोडलं. दारात कुणी विचारलं तर "त्यो" म्हणायचा. "त्यो गेला."

आई बाणूबाई मात्र जात्यावर बसली की गळा मोकळा करायची.

*भाऊ लेकीचा गं भोळा, त्यानं घातीयला हात*
*वैऱ्यानं बांधीयली पिशवीत काळरात*

भाग्यलक्ष्मी पुणं सोडून घरी आली. त्या ओवीतला 'वैरी' तिला पाठ झाला होता. दुसरी ओळ आली की ती चुलीतलं लाकूड आत ढकलायची, जाळ मोठा करायची.

तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवायची. मेंढीबाजारात बाप एडका विकायचा तेव्हा आधी स्वतःचा हात त्याच्या तोंडात घालायचा, जबडा उघडून दात दाखवायचा. घेणारा हात मागं बांधून उभा. विकणाऱ्याचा हात आधी, ही बाजाराची रीत. ज्याचा हात मागं सरला, त्याच्या दावणीचं जनावर पुढं कुणी घेत नसे, त्याच्या पोराच्याही नाही. माउली त्या रीतीत वाढला होता. समोरच्यानं आधी आपला हात घालून बघितलाच असणार, असं त्यानं धरलं. नेटवर हात नसतो, फोटो असतो, हे त्या भोळ्याच्या ध्यानातच आलं नाही.

कंपनीत ती टायपिंग शिकली होती. हरिओमच्या जाहिरातीत होता तसलाच एक फोटो तिनं नेटवरून उचलला आणि रूपा नावानं जाहिरात टाकली. मांडूळ विकणे आहे. पहिला फोन हरिओमचाच आला; पुढं विकायला त्यालाही माल लागायचा.

"जनावर पक्कं हाय का, अक्का? आजकाल लई फसवायलेत लोकं."

"व्हय ना अण्णा," ती गोड आवाजात म्हणाली. "म्हणून तर बघून घ्या म्हणायलेय. चिटगुप्प्याच्या बाजारात या. तिथं सगळ्यांच्याच हातात पिशव्या ऱ्हातेत, कोण इचारत न्हाई."

बाजाराच्या दिवशी ती बापाला म्हणाली, "अप्पा, एक एडका बघायचाय, चला." पिराप्पा मान खाली घालूनच बसमध्ये चढला. मांडीवर पिशवी घेऊन ती खिडकीशी बसली. माउलीला आलेली ती पिशवी तिनं दोन वर्षं धुतली नव्हती.

रामकिशन जिथं बैल बांधायचे, त्याच लिंबाखाली ती उभी राहिली; पिराप्पा मागं, माणसांच्या घोळक्याआड. दलाल वीरण्णा तिथंच तंबाखू मळत होता. हरिओम आला, तसाच पांढऱ्या शर्टात. माउलीच्या बहिणीला त्यानं चार माणसांच्या त्या बैठकीत पाहिलंही नव्हतं. बायका आत होत्या.

"रूपाअक्का? दाव."

तिनं पिशवी पुढं धरली. "घाला हात. उजेडात काढू नका, दगावतंय. आतच चाचपून बघा."

हरिओमचा पुढं आलेला हात अर्ध्यावर थांबला. ते शब्द त्याच्या ओळखीचे होते. मग त्याची नजर पिशवीवर गेली. निळी नाडी, कोपऱ्यात पेंडीच्या गोणीवर असतो तसा बैलाचा छाप. त्याच्याच घरातली पिशवी.

"तू इकायलीस," तो कसाबसा हसला. "तुझा हात आधी. बाजाराची रीत हाय."

"म्हंजे रीत ठाऊक हाय तर तुमाला!" ती मोठ्यानं म्हणाली. वीरण्णानं मान वळवली. आजूबाजूची माणसं सरकून जवळ आली. "बघा हो अण्णा, रामकिशन शेटच्या पोराला रीत ठाऊक हाय. घालते की मी."

तिनं नाडी सोडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आत माउलीनं वळलेल्या लोकरीच्या दोराचं वेटोळं होतं, कळपातल्या शेवटच्या मेंढीचा दोर. तिनं तो मुठीत धरला. हरिओमकडं बघत ती तशीच उभी राहिली, हात आत ठेवून.

"आता तुमचा."

तो मागं सरकला.

"आरं मांडूळ हाय, नवी नवरी न्हाई!" वीरण्णा ओरडला. "लाजायलास कामून?" हशा पिकला.

"त्यात मांडूळ न्हाई," हरिओम घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तुमाला कसं ठाऊक?" भाग्यलक्ष्मी एक पाऊल पुढं आली. "पिशवी वळखली व्हय? भालकीच्या बसमदी कुणी ठिवली व्हती ही? माझा भाऊ हिच्यात हात घालून मेला. हात घाला, शेट. तुमचं मांडूळ गरीब असतंय म्हणं."

हशा थांबला. लिंबाखाली रामकिशन कासरा धरून उभे होते. पोराकडं बघत ते एवढंच म्हणाले, "हात घाल, हरिओम." आवाजात विनवणी होती. बापाला वाटत होतं, पोरगा आता हात घालील आणि घराचं नाव वाचेल.

हरिओमनं हात पाठीमागं लपवला. भर बाजारात, सगळ्यांच्या देखत.

भाग्यलक्ष्मीला वाटलं होतं, या घटकेला आपलं काळीज शांत होईल. झालं नाही. उलट दात आणखी घट्ट आवळले गेले. तिच्या बापाला अजून खरं काय ते कुणी सांगितलं नव्हतं. ती वळली. पिराप्पानं मान वर केली होती, कितीतरी दिवसांनी, आणि तो सरळ हरिओमच्या डोळ्यांत बघत होता.

"त्यो उसात मेला म्हणलास," पिराप्पा म्हणाला. "आता सांग. नाव घिऊन सांग. माझ्या लेकाचं नाव माउली."

रामकिशननी कासरा खाली टाकला आणि तोंड फिरवलं. हरिओमच्या शर्टाच्या पाठीवर घाम उमटला होता. 

"मांडूळ खोक्यातच मेलं व्हतं," तो म्हणाला. "गारुड्यानं दुसरं आणून दिलं. पिशवी बांधताना शिट्टी वाजली. म्या ऐकलो. बघितल्यावर कळंल म्हणून उजेडात काढू नका म्हणलो. माउलीला म्या घोणस धाडलो. ठाऊक असून धाडलो."