टाळी कधी वाजवायची

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत ऑफिसला लागून एक खोली आहे. दर रविवारी सकाळी तिथं मी पोरांना पुस्तकं वाचून दाखवायचे. कमिटीला ती खोली जिमसाठी हवी होती. चेअरमन हरेशशेठ इथल्याच गावातले, जुने जमीनवाले. ते मला म्हणाले, "तेजश्रीताई, तुमी तिथं काय करता ते लोकांना दिसू दे. एक प्रोग्राम करा. पोरांना आवडला तर खोली तुमची, नाय तर जिम." मी हो म्हटलं.

शहाण्या बाईनं पोरांना फेटे बांधून नाचवलं असतं. पण मी कुणाचं ऐकतेय? मी काढली बिथोवनची पाचवी सिम्फनी. "नवरा एपीएमसी मार्केटात माथाडी, आणि बायकोला सिम्फनी," असं आमच्या मजल्यावरच्या विमलबाई लिफ्टमध्ये माझ्या तोंडावर म्हणाल्या. म्हणू देत. दोनशे वर्षांपूर्वीचा एक माणूस, कान जात चाललेले, तरी संगीत लिहीत बसलेला. पोरांना तो कळला पाहिजे असं मला वाटत होतं.

त्यांच्यासाठी मी छोटी पुस्तिका लिहिली आणि झेरॉक्स काढून स्टेपल केली. "सुरुवातीला चार सूर. तीन आखूड, एक लांब. कुणीतरी दार ठोठावतंय." हे वाचून सुयश म्हणाला, "काकू, वॉचमननं इंटरकॉम न करता त्याला वर कसा सोडला?" पोरं हसून लोळली. मलाही हसू आवरेना.

पुढं लिहिलं होतं, "ही सिम्फनी चार भागांची. पहिल्यात झुंज. दुसऱ्यात दमून टेकणं. तिसऱ्यात अंधारात चाचपडणं. आणि तिथून न थांबता एकदम चौथा भाग, दार उघडतं आणि घरभर उजेड होतो. मध्ये ती थांबेल, तेव्हा टाळी वाजवायची नाही. टाळी अगदी शेवटी." शेजारच्या रूपेशच्या मुलीनं, उन्नतीनं, हे तोंडपाठ केलं. वय आठ, पण पोरगी शब्दाची पक्की. शिवाय मी सगळ्यांना बजावलं होतं, मोबाईलवर आधी कुणी ऐकलं तर याद राखा. पहिल्यांदा ऐकायचं ते सगळ्यांनी मिळून.

रविवारी सोसायटीचा हॉल भरला. प्रमुख पाहुणे म्हणून एक माजी नगरसेवक. त्यांचा फोटो बॅनरवर बिथोवनपेक्षा मोठा. मी स्पीकर लावला. ते चार सूर हॉलमध्ये आदळले आणि पोरं जागच्या जागी ताठ झाली. सुयशचं तोंड उघडं राहिलं. उन्नतीनं बाजूच्या पोराचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, जिंकलो आपण.

पहिला भाग संपला. संगीत क्षणभर थांबलं.

आणि मागून टाळ्या सुरू झाल्या. हरेशशेठ माइक घेऊन उभे. "खूप छान, खूप छान. आता आपन पाहुन्यांचा सत्कार करू या." मी धावले, म्हटलं, "शेठ, अजून तीन भाग आहेत." तोवर कुणीतरी स्पीकरची वायर काढून माइकला जोडली होती. पाहुण्यांचा सत्कार झाला, मग कमिटीचा, मग बॅनर देणाऱ्याचा. शेवटी माझ्याही खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. हातात नारळ असला की भांडता येत नाही, हे ज्यानं शोधलं तो मोठा हुशार माणूस असला पाहिजे. तेवढ्यात नगरसेवक साहेबांना जासई गावात एका हळदीला जायचं होतं. साहेब उठले, तशा खुर्च्याही उचलल्या. गाढवापुढं वाचली गीता म्हणतात. इथं गीतासुद्धा पुरती वाचू दिली नाही.

एवढ्या सगळ्या गोंधळात पोरं गप्प बसून होती. हात मांडीवर. सत्कारालाही एकानं टाळी वाजवली नाही.

संध्याकाळी हरेशशेठनी मला ऑफिसात बोलावलं. "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पोरांना बोअर झाला. आमी सगल्यांनी बघितला, एकपन टाली नाय."

"मीच सांगितलं होतं त्यांना. संपेपर्यंत वाजवायची नाही."

"मंग तुमीच सांगितला ना?" ते खरंच चकित झाले होते. "टाली नाय वाजली तर मानसाला समजनार कसा, आवडला का नाय?"

त्यांना काय समजावणार, कप्पाळ? त्यांच्या सभा-सत्कारांच्या चाळीस वर्षांत प्रत्येक गोष्ट टाळीनंच ठरली होती. माझ्या पोरांनी माझं ऐकलं, मनापासून ऐकलं, आणि त्यापायीच खोली गेली. राग इतका आला की घरी जाऊन मी तो नारळ ओट्यावर आपटून फोडला.

पुढच्या महिन्यात जिमचं उद्घाटन झालं. पुस्तकांची खोकी माझ्या पलंगाखाली गेली होती. साहेबांनी फीत कापली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरं भिंतीला लागून उभी, हात मागं बांधलेले.

"टाल्या वाजवा रे," हरेशशेठ हसत म्हणाले.

उन्नती माझ्याकडं बघत म्हणाली, "आता नाही वाजवायच्या. अजून संपलं नाहीये. हो ना काकू? आम्ही मोबाईलवरपण नाही ऐकलं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हो म्हणाले. आत पहिला माणूस ट्रेडमिलवर चढला होता.